एका दिवसाचा व्यापार

कांहीं प्रश्न असे असतात कीं ते जोंपर्यंत दुसऱ्याच्या घरांत असतात तोंपर्यंत त्यांचीं उत्तरें आपल्याला तोंडपाठ असतात. ते आपल्या उंबरठ्याच्या आंत आले म्हणजे मात्र तीं पाठ केलेलीं उत्तरें एकाएकीं अपुरीं वाटूं लागतात. शेअरबाजारांतील सट्ट्याविषयीं माझें असेंच झालें. सट्टा म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे वाईट, एवढें सोपें समीकरण मनाशीं बाळगून मीं पन्नाशी ओलांडली होती. गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत माझा भाचा घरीं आला, आणि फराळ झाल्यावर मला एकीकडे घेऊन म्हणाला, "मामा, मी ट्रेडिंग शिकतों आहें. सुरुवातीला पन्नास हजार लागतील. तुम्ही उसने द्याल का? फक्त आईला सांगूं नका."

मुलगा सव्वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, नोकरी बेताची. त्याचे वडील हयात नाहींत. माझ्या धाकट्या बहिणीनें शिक्षिकेच्या पगारावर त्याला वाढविलें. मीं पैसे देण्याचें नाकारलें, आणि वर जुगारावर एक लहानसें व्याख्यान दिलें. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें व मग विचारलें, "मामा, तुम्ही दर महिन्याला म्युच्युअल फंडांत पैसे घालतां, ते शेअरबाजारांतच जातात ना? कोथरूडचा दुसरा फ्लॅट तुम्हीं राहण्यासाठीं घेतला नव्हता. भाव वाढेल म्हणून घेतला. तुम्ही दहा वर्षें थांबतां, मी एक दिवस थांबतों. यांत वाईट काय तें सांगा."

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. आईला सांगणार नाहीं, एवढें वचन मात्र मीं देऊन बसलों. ज्याचा सारा जन्म प्रश्नांचीं उत्तरें देण्यांत गेला त्याला हें मौन किती लागलें असेल याची वाचकांनीं कल्पना करावी. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराची मांडणी होय.

प्रथम हा व्यवसाय आहे तरी काय, तें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे शेअरबाजार सकाळीं सव्वानऊला उघडतो आणि दुपारीं साडेतीनला बंद होतो. या सव्वासहा तासांत जो शेअर घेतला तो त्याच दिवशीं विकून टाकावयाचा; किंवा भाव उतरेल असें वाटल्यास हातीं नसलेला शेअर आधीं विकावयाचा व मागाहून स्वस्तांत घेऊन हिशेब पुरा करावयाचा; बाजार बंद होतांना मात्र हातीं कांहींएक शिल्लक ठेवावयाचें नाहीं. याला डे-ट्रेडिंग किंवा इंट्राडे म्हणतात. कंपनी काय बनविते, तिचा कारभार कोण पाहतो, पुढील वर्षीं तिला नफा होईल कीं नाहीं, या गोष्टींशीं या व्यापाऱ्याला फारसें कर्तव्य नसतें. पुढच्या तासाभरांत भाव कोणत्या अंगाला झुकेल एवढाच त्याचा प्रश्न. आयकराच्या १९६१ च्या कायद्यानेंही अशा व्यवहाराला गुंतवणूक न म्हणतां सट्टा याच वर्गांत घातलें होतें.

शिवाय दलाल त्याला उधारीची जोड देतो. स्वतःच्या पंचवीस हजारांवर सव्वा लाखापर्यंतचा सौदा करतां येतो. भाव शेंकडा दोननें अनुकूल गेला तर अडीच हजार, म्हणजे मूळ रकमेचा दहावा भाग, एका दिवसांत पदरीं पडतो. प्रतिकूल गेला तर तितकाच जातो. नवशिक्याला जें शिकवितात तें थोडक्यांत असें: भावाच्या चढउताराच्या, मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या आकृत्या वाचावयाच्या; तोटा ठरलेल्या रकमेस पोंचतांच आपोआप सौदा तुटावा म्हणून आधींच मर्यादा घालावयाची, तिला स्टॉपलॉस म्हणतात; आणि एका सौद्यांत भांडवलाच्या शेंकडा एक-दोनहून अधिक रक्कम धोक्यांत घालावयाची नाहीं. हे नियम शहाणपणाचे आहेत, आणि एका दुपारींत समजतात.

भाच्याच्या बाजूनें जें बोलण्याजोगें आहे तें आधीं बोलणें न्यायाचें होईल. सट्टा ही कालपरवाची विकृति नव्हे. जपानांत ओसाका येथील दोजिमाच्या तांदूळबाजाराला १७३० मध्यें सरकारची मान्यता मिळाली, आणि पुढें हातीं यावयाच्या तांदळाचे सौदे तेथें होऊं लागले. ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत थेलीझ या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली आहे. दारिद्र्यावरून लोक तत्त्वज्ञानाला हिणवूं लागले, तेव्हां यंदा ऑलिव्हचें पीक उदंड येणार हें ओळखून त्यानें हिवाळ्यांतच थोडा विसार देऊन तेलाचे सारे घाणे अडकवून ठेवले, आणि हंगामांत मागेल तें भाडें घेतलें.

आमच्या मुंबईचें उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर उभें आहे. विद्यार्थिदशेंत मी राजाबाई मनोऱ्याखालच्या विद्यापीठ-ग्रंथालयांत बसून नीतिशास्त्र वाचीत असें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६४-६५ मध्यें या शहराला शेअरांचें वेड लागलें. त्या वेडाचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून तो मनोरा उठला व त्याला त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, समुद्र हटवून जमीन करूं पाहणाऱ्या बॅक बे कंपनीसारख्या कंपन्यांचे कागद मातीमोल झाले, प्रेमचंदांचें वैभव गेलें, आणि त्या पडझडींत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. पुढें १८७५ मध्यें दलालांनीं आपली रीतसर संस्था काढली. तोच आजचा मुंबई शेअरबाजार. सट्ट्याच्या पैशानें उभ्या राहिलेल्या इमारतींत बसून ज्यानें नीतिशास्त्र वाचलें, त्यानें सट्टेवाल्याकडे पाहून नाक मुरडणें शोभत नाहीं. शिवाय ज्याला आज शेअर विकावयाचा आहे त्याला आजच गिऱ्हाईक मिळतें, तें अशा घेणाऱ्या-विकणाऱ्यांची गर्दी बाजारांत असते म्हणूनही, हेंही कबूल केलें पाहिजे.

सारांश, "हा जुगार आहे" एवढ्यानें भागत नाहीं, हें मला पटलें. तेव्हां मीं ठरविलें कीं आपण स्वतः शिकून पाहावें. पंचवीस हजार रुपये वेगळे काढले, तीन महिन्यांची मुदत घातली, आणि एक वही घेतली. प्रत्येक सौद्यापुढें तीन गोष्टी लिहावयाच्या: नियम काय सांगत होता, मीं काय केलें, आणि शेवटीं काय झालें. घरांत सांगितलें नाहीं. प्रयोग संपला कीं सांगूं, असें मनाची समजूत घालून ठरविलें.

पहिल्या आठ दिवसांत मला दोन हजारांवर नफा झाला. ही गोष्ट सांगतांना मला आजही संकोच वाटतो, कारण त्या आठ दिवसांत माझ्या मनाची जी अवस्था झाली ती पन्नाशीच्या प्राध्यापकाला साजेशी नव्हती. बाजार मला कळतो, इतकी वर्षें मीं उगाच पगारावर काढलीं, आणि माझे सहकारी बिचारे अजून महागाईभत्त्याच्या थकबाकीची चर्चा करीत बसले आहेत, असे विचार माझ्या मनांत खरोखरच आले. तिसऱ्या आठवड्यांत तो नफा गेला.

तीन महिन्यांच्या शेवटीं वहींत ९४ सौदे होते. त्यांतल्या ५१ मध्यें नफा, ४३ मध्यें तोटा. केवळ भावांतील फरकाचा हिशेब केला तर मी ६४० रुपयांनीं वर होतों. पण प्रत्येक सौद्यावर दलाली, सरकारी कर आणि बाजाराचें शुल्क लागतें, त्याची बेरीज ५,९०० रुपये झाली. म्हणजे बाजाराशीं मी जवळजवळ बरोबरींत सुटलों, आणि हरलों तो दाराशीं घेतल्या जाणाऱ्या पैशांमुळें. एकंदर तोटा ५,२६० रुपये. माझ्या ऐपतीच्या मानानें हा तोटा कांहीं मोठा नव्हे, आणि तो सांगण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं.

मला खरें नवल वाटलें तें वहींतील दुसऱ्याच एका गोष्टीचें. ९४ पैकीं ३७ वेळां मीं नियम मोडला होता: तोट्याची मर्यादा जवळ येतांच ती आणखी खालीं सरकविली होती, किंवा मनाला आलें म्हणून अधिक शेअर घेतले होते. या ३७ पैकीं २१ वेळां मला नफा झाला. उलट, नियम कसोशीनें पाळूनही अनेकदां तोटाच पदरीं पडला. म्हणजे माझ्या चुकीबद्दल बाजारानें मला बक्षीस दिलें आणि माझ्या शहाणपणाबद्दल दंड केला, आणि हें एकदोनदां नव्हे, पुष्कळदां.

शिक्षकाच्या दृष्टीनें या गोष्टीचें महत्त्व फार आहे. कुंभाराच्या पोराचा हात चुकला तर मडकें वांकडें होतें. तबल्यावर बोट चुकीचें पडलें तर बोल फुटतो. पाण्यांत हातपाय नीट हलविले नाहींत तर नाकातोंडांत पाणी जातें. कोणत्याही विद्येंत चूक आणि तिचें फळ यांचा सांधा असा पक्का असतो, म्हणूनच अनुभवानें माणूस शहाणा होतो. जेथें हा सांधाच निखळलेला आहे, तेथें अनुभव वाढला म्हणून ज्ञान वाढेल असें म्हणतां येत नाहीं. तेथें अनुभव माणसाला चुकीचे धडेही तितक्याच खात्रीनें देतो. एक हजार माणसांनीं दहा वेळां नाणें उडविलें तर त्यांतल्या एखाद्याला दहाही वेळां छाप मिळण्याचा संभव बराच आहे. त्या माणसाला आपल्या मनगटांत कांहीं कसब आहे असें वाटलें तर त्याला दोष कसा द्यावा? आणि उद्यां त्यानें शिकवणीचा वर्ग काढला तर त्याच्याकडे विद्यार्थी येणार नाहींत काय?

हा केवळ माझ्या वहीचा निष्कर्ष असता तर मीं तो छापण्याचें धाडस केलें नसतें. ब्राझीलमध्यें तिघा अर्थशास्त्रज्ञांनीं २०१३ ते २०१५ या काळांत तेथील शेअर-निर्देशांकाच्या वायद्यांत असा दिवसाचा व्यापार सुरू करणाऱ्यांची पाहणी केली. जे तीनशेंहून अधिक दिवस चिकाटीनें टिकले त्यांतील शेंकडा ९७ जणांनीं पैसे घालविले, आणि तेथील किमान वेतनाहून अधिक मिळकत झालेले शेंकडा एकच्या थोडे वर निघाले. आपल्याकडील नियामक मंडळानें, म्हणजे सेबीनें, जुलै २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं २०२२-२३ मध्यें शेअरांची दिवसाच्या दिवसांत उलाढाल करणाऱ्या व्यक्तींपैकीं दहांत सात तोट्यांत होत्या. वर्षांत पांचशेंहून अधिक सौदे करणाऱ्यांत मात्र हें प्रमाण शेंकडा ८० होतें. अधिक सराव करणारा अधिक बुडतो, असें ज्या धंद्यांत दिसतें त्याच्या बाबतींत शिकणें हा शब्द फार जपून वापरला पाहिजे. त्याच पाहणीप्रमाणें अशा व्यापाऱ्यांतील तिशीच्या आंतल्या तरुणांचा वांटा चार वर्षांत शेंकडा १८ वरून ४८ वर गेला होता. वायदे व ऑप्शन यांचें चित्र याहून भयंकर आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांना तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली.

बुद्धीनें यांतून सुटका होते असेंही नाहीं. प्रत्यक्ष न्यूटननें १७२० मध्यें साउथ सी कंपनीच्या शेअरांत आधीं चांगला नफा मिळविला, तो घेऊन तो बाहेरही पडला, आणि भाव चढतच आहेत असें पाहून पुन्हां आंत शिरून मोठी रक्कम गमावून बसला.

परंतु तोटा होतो म्हणून एखादी गोष्ट अनीतीची ठरत नाहीं. तोटा शेतकऱ्यालाही होतो, आणि कवितासंग्रह छापणाऱ्याला तर बहुधा होतोच. भाच्याचा प्रश्न "यांत तोटा काय" असा नव्हता. "यांत वाईट काय" असा होता. त्याच्या दोन दाखल्यांपैकीं एकाला मीं आतां असें उत्तर देईन. कंपनीचा वांटा घेऊन दहा वर्षें थांबणाऱ्याचा नफा कंपनीच्या भरभराटीशीं बांधलेला असतो. ती भरभराट झाली तर त्याचा, तिच्या कामगारांचा आणि गिऱ्हाइकांचा असा सर्वांचाच लाभ होऊं शकतो. एका दिवसाच्या सट्ट्यांत, दाराशीं द्यावयाचे पैसे बाजूला ठेवले तर, माझ्या हातीं येणारा रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी हातांतून गेलेला असतो; आणि तो दुसरा कोण, हें मला कधींच दिसत नाहीं. तोही मामाकडे पन्नास हजार मागणारा एखादा मुलगा असेल. फ्लॅटच्या बाबतींत मात्र त्याचें म्हणणें मला मान्य केलें पाहिजे. रिकामें घर कुलपांत ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणें यांत मला भूषणावह असें कांहीं नाहीं.

तथापि एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानि, एवढ्यानेंही गोष्ट संपत नाहीं. बुद्धिबळांतही एक जिंकतो तेव्हां दुसरा हरतो. खरें उत्तर मला सांपडलें तें दुसऱ्या महिन्यांतील एका दुपारीं. तीन वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. माझा एक सौदा उघडा होता आणि तो वीस मिनिटांत मिटवावयाचा होता. वर्गांत एरवीं कधीं न बोलणारी एक विद्यार्थिनी माझ्या खोलीच्या दाराशीं आली आणि कांटच्या कर्तव्यविचारासंबंधीं कांहीं विचारूं लागली. मीं टेबलाखालीं मोबाईल धरून तिला दोन वाक्यांत उत्तर दिलें व उद्यां यावयास सांगितलें. ती दुसऱ्या दिवशीं आली नाहीं. पुढेंही आली नाहीं. त्या सौद्यांत मला ३१० रुपये मिळाले. त्याच आठवड्यांत रात्रीं जेवतांना पत्नीनें विचारलें, "हल्लीं तुमचें लक्ष कुठें असतें?" मीं म्हटलें, "उत्तरपत्रिकांचा ढीग आहे." ही नोंद वहींत करण्यास जागा नव्हती.

तेव्हां मला महाभारतांतील द्यूतसभेची आठवण झाली. युधिष्ठिर हरला हें त्या प्रसंगांतील दुःख खरें, पण त्यांतील नीतीचा प्रश्न विचारला तो द्रौपदीनें. राजा आधीं स्वतःला हरला होता कीं मला? स्वतःला हरून बसलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्मासारख्या धर्मज्ञालाही या प्रश्नाचा उलगडा करतां आला नाहीं. द्रौपदीच्या बोलण्याचा रोख द्यूत चांगलें कीं वाईट याकडे नाहीं. पणाला लागलेली वस्तु तुझी होती काय, असें ती विचारते.

माझे पंचवीस हजार माझे होते. पण तीन वाजून दहा मिनिटांनीं पणाला लागलें होतें तें माझें लक्ष, आणि त्या वेळीं तें माझ्या विद्यार्थिनीचें होतें. जेवतांना पणाला लागलें तें सत्य, आणि त्यावर माझ्या पत्नीचा हक्क होता. पैसे तेवढे आपण धोक्यांत घालतों आहोंत अशा समजुतीनें नवशिक्या या बाजारांत उतरतो. पैशाला तो स्टॉपलॉस लावतो. इतर ज्या गोष्टी त्याच्या नकळत पणाला लागतात त्यांना लावीत नाहीं. आणि येथें शिकणें हा शब्द मोठा घात करतो. तोटा झाला तर तो म्हणतो, ही बाजाराची फी. फी म्हटली कीं तोट्याची लाज उरत नाहीं आणि त्याला शेवटही उरत नाहीं, कारण शिक्षण कधीं पुरें झालें हें सांगणारी परीक्षा येथें नाहीं.

म्हणून माझें उत्तर असें आहे. जो आपलेच पैसे, गेले तरी चालतील इतकेच, सट्टा या खऱ्या नांवानें घालतो, आणि ज्याच्या हिशेबाची वही घरच्या जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली चालते, त्याला मी अनीतिमान म्हणणार नाहीं. फार तर त्यानें आपल्या दिवसांचा याहून चांगला उपयोग करावा असें म्हणेन. जेथें ती वही लपवावी लागते तेथें कांहींतरी दुसऱ्याचें पणाला लागलेलें आहे, असें खुशाल समजावें.

एप्रिलमध्यें मीं माझी वही प्रथम पत्नीला दाखविली, आणि मग भाच्याला बोलावून त्याच्यापुढें ठेवली. त्यानें ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मीं त्याची वही मागितली. वही नव्हती, मोबाईलवरच्या एका कर्ज देणाऱ्या ॲपकडून काढलेले ऐंशी हजार रुपयांचें कर्ज मात्र होतें, आणि तें दिवाळीच्याही आधींचें होतें. पन्नास हजार त्याला शिकण्यासाठीं नकोच होते. तें कर्ज अंशतः फेडून उरलेल्यांतून पुन्हां डाव मांडावयाचा होता. मीं म्हटलें, "कर्जाचे पैसे मी देतों, पण आईला तूं स्वतः सांगितल्यावर." त्याला तीन आठवडे लागले. त्यानें सांगितलें. त्यानें तो व्यापार कायमचा सोडला कीं नाहीं हें मी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं; सोडला असें तो म्हणतो.

त्या रात्रीं बहिणीचा फोन आला. मला वाटलें ती रडेल, किंवा आभार मानील. तिनें एवढेंच विचारलें, "दादा, तुला हें कधींपासून ठाऊक होतें?"

कर्जाचें मला एप्रिलमध्यें कळलें, असें म्हणणें खोटें झालें नसतें. पण "आईला सांगूं नका" हे त्याचे शब्द मीं ऐकले होते आणि त्यावर गप्प बसलों होतों, आणि मधल्या सहा महिन्यांत तिच्याशीं फोनवर आठवड्यांतून दोनदां बोलत होतों. मीं तिला सांगितलें, "दिवाळीपासून." बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "बरं," आणि तिनें फोन ठेवला.